‘घोरतोय, झोपू दे’: एमडी, दारू आणि झोपेच्या गोळ्यांची एक रात्र

(नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.)

## पार्श्वभूमी

निखिल २६ वर्षांचा, वजन ६८ किलो, पुण्याच्या पश्चिम भागात भाड्याच्या फ्लॅटमध्ये सागर आणि तेजस या दोन मित्रांबरोबर राहणारा. नोकरी रात्रपाळीची. जुना आजार कुठलाही नाही. दारू शनिवारी. एमडी वर्षभरापासून, महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी. झोपेची गोळी ‘कधीतरी’, असं मित्रांनी सांगितलं. हा ‘कधीतरी’ पुढे फार महागात पडला असता.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. उत्तेजक. मुंबई-पुण्यात ते इतकं पसरलं की फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने ते अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत घातलं. नाकावाटे ओढलं की काही मिनिटांत चढतं आणि एक-दोन तासांत ओसरायला लागतं. म्हणूनच एका बैठकीत पुन्हा पुन्हा घेतलं जातं. नाडी, रक्तदाब आणि शरीराचं तापमान वाढतं, झोप उडते, आणि ती सकाळपर्यंत येत नाही. या न येणाऱ्या झोपेवर मंडळींनी शोधलेला उपाय म्हणजे अल्प्राझोलम. बाजारातलं नाव ‘बटन’, मालेगावकडे ‘कुत्ता गोळी’. हे औषध एच-वन परिशिष्टात आहे. म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, आणि विकल्याची नोंद दुकानदाराने वेगळ्या वहीत तीन वर्षं जपायची. प्रत्यक्षात पाकीट मिळायला फारसा त्रास होत नाही.

तिसरी वस्तू व्हिस्की. तिचा हिशेब आधीच मांडलेला बरा, कारण ‘तीन-चार पेग’ हे उत्तर प्रत्येक नातेवाईक आणि प्रत्येक मित्र देतो. भारतीय व्हिस्की ४२.८ टक्क्यांची. ६० मिलिलिटरच्या एका लार्ज पेगमध्ये साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, आणि यकृत तासाला जेमतेम ७ ते १० ग्रॅम निकालात काढतं. बाटल्या पाहून नंतर हिशेब लावला तेव्हा निखिलचे पेग आठ निघाले, तेही लार्ज.

## रात्रीचा क्रम

साडेआठला बसले. अकरापर्यंत निखिलचे चार पेग झाले, जीभ जड झाली, सोफ्यावर डुलकी लागली. सव्वाअकराला पुडी निघाली. पहिल्या ओढीनंतर पाव तासात निखिल उठून बसला, बोलायला लागला, ‘उतरली रे माझी’ म्हणाला आणि पाचवा पेग भरला. इथून अडीचपर्यंत आणखी चार पेग झाले. एमडी अधूनमधून चालूच होतं. शेवटची ओढ दोन वाजून वीस मिनिटांनी.

तीनला बैठक मोडली. जबडा आवळलेला, छातीत धडधड, डोळे टक्क उघडे. तीन दहाला निखिलने ०.५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या घेतल्या. अर्ध्या तासात झोप आली नाही म्हणून पावणेचारला आणखी चार. या दुसऱ्या खेपेची त्याला पुढे आठवणच राहिली नाही. अल्प्राझोलम आणि दारू एकत्र आली की स्मृतीची पाटी कोरी राहते. माणूस चालतो, बोलतो, पाणी पितो, पण काही नोंदलं जात नाही. गोळी घेतल्याचं विसरून पुन्हा घेणं हा अपघात म्हणूनच इतका सर्रास घडतो.

चार दहाला तो सोफ्यावर उताणा झोपला आणि मोठ्याने घोरू लागला. सागर म्हणाला, ‘अरे, हा एवढा कधी घोरत नाही.’ तेजस म्हणाला, ‘घोरतोय, झोपू दे. बरं झालं, पडला एकदाचा.’ दिवे बंद झाले.

## अडचण नेमकी काय होती

तिघांच्याही डोक्यात एक हिशेब पक्का होता: एक वर नेतं, एक खाली आणतं, मधे कुठेतरी बरोबर होतं. हा हिशेब चुकीचा आहे, कारण दोन्ही द्रव्यं वेगवेगळ्या जागी काम करतात. मेफेड्रोन मेंदूतल्या रसायनांचा, म्हणजे डोपामिन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन आणि सेरोटोनिनचा साठा बाहेर ढकलतं. अल्प्राझोलम आणि दारू गॅबा या शांतवणाऱ्या यंत्रणेला जोर देतात. एकाने दुसऱ्याचा रेणू रक्तातून कमी होत नाही. सव्वाअकराला निखिलची दारू उतरली नव्हती, फक्त गुंगी जाणवेनाशी झाली होती. थर्मामीटर गार पाण्यात धरल्याने ताप उतरत नाही, तसंच हे.

गुंगी ही दारूची सूचना असते. डोळे मिटायला लागले की माणूस ग्लास खाली ठेवतो. उत्तेजकाने ती सूचना बंद केली आणि चार पेगांच्या जागी आठ गेले. पांढऱ्या पुडीशिवायही हे होतं. मद्यात कॅफीन घालून विकणाऱ्या चार कंपन्यांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१० मध्ये इशारापत्रं धाडली ती याच कारणासाठी: कॅफीनमुळे प्यायलेल्याला आपण किती प्यायलो ते कळत नाही. आपल्याकडे व्होडकात एनर्जी ड्रिंक ओतणाऱ्यांनाही हेच लागू.

दुसरा भाग घड्याळाचा. मेफेड्रोनचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्मं होतं. अल्प्राझोलमला त्यासाठी सुमारे अकरा तास लागतात, आणि गोळी घेतल्यापासून एक ते दोन तासांत त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. पावणेचारच्या गोळ्यांचा जोर पावणेपाच ते पावणेसहाला येणार होता. शेवटची ओढ दोन वीसची. म्हणजे जागं ठेवणारी गोष्ट जात असताना झोपवणारी गोळी चढत होती, आणि दारू अजून रक्तात होतीच. अशा रात्रींत श्वास मंदावतो तो बैठक संपल्यावर, पहाटे, सगळे झोपलेले असताना.

जोडी बदलली की घड्याळही बदलतं. कोकेन आणि हेरॉइनच्या जोडीत कोकेन लवकर जातं आणि श्वास दाबणारं हेरॉइन मागे राहतं. १९८२ मध्ये अमेरिकी अभिनेता जॉन बेलुशीचा जीव याच जोडीने गेला. मेथअँफेटामिन मात्र दहा-बारा तास टिकतं. तिथे शामक आधी उतरलं तर हृदयावरचा ताण उघडा पडतो. कोकेन आणि दारू एकत्र असतील तर यकृतात कोकाइथिलीन नावाचं तिसरंच द्रव्य तयार होतं. ते कोकेनपेक्षा जास्त वेळ राहतं आणि हृदयाला जास्त जाचतं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत कमी बोलली जाते. उत्तेजकामुळे हृदय जोरात धावतं, त्याला प्राणवायू जास्त लागतो. शामकामुळे श्वास मंदावतो, प्राणवायू कमी मिळतो. मागणी वाढलेली आणि पुरवठा घटलेला, असं एकाच वेळी होतं. वरवर ‘संतुलन’ वाटणारी नाडी त्या क्षणी काहीच सांगत नसते.

## खोलीतला निर्णय

चार पन्नासला सागर पाणी प्यायला उठला. घोरणं बदललं होतं. मधे लांब खंड, मग घशात पाणी खळखळावं तसा आवाज. मोबाइलच्या टॉर्चमध्ये ओठ जांभळट दिसले. उशीवर उलटी होती. हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या, तरी डोळे उघडले नाहीत. छातीच्या मधल्या हाडावर बोटांच्या पेरांनी जोरात घासलं तेव्हा फक्त कण्हला.

यानंतरची चौदा मिनिटं या प्रकरणातली सर्वांत महाग. तेजसने तोंडावर गार पाणी मारलं. मग लिंबूपाणी करून दोन चमचे ओठांतून आत सोडले. निखिलला ठसका लागला आणि आवाज आणखी बिघडला. गिळण्याची शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात काहीही गेलं की ते श्वासनलिकेत उतरतं, मग ते लिंबूपाणी असो, ताक, कॉफी किंवा मीठपाणी. उलटी काढायला घशात बोटं घालणं हाही त्यातलाच प्रकार.

मग चर्चा. पर्याय चार होते. अंगावर पांघरूण घालून सकाळची वाट पाहायची. ओळखीच्या डॉक्टरला फोन करायचा. खाली उतरवून स्वतःच्या गाडीने न्यायचं. किंवा १०८. तेजसची भीती पोलिसांची आणि घरमालकाची; त्याला आधी टेबल साफ करायचं होतं. गाडीचा पर्याय दोघांनाही सोयीचा वाटत होता, कारण सोसायटीत सायरन वाजला नसता. पण ते दोघेही प्यायलेले होते. शिवाय मागच्या सीटवर मान दुमडून बसवलेल्या बेशुद्ध माणसाचा श्वास वाटेतच अडकतो. दवाखाना दहा मिनिटांवर असला तरी मेंदूला प्राणवायूविना चार-पाच मिनिटंच सोसतं. गाडीत प्राणवायू नाही, दाबून श्वास देण्याची पिशवी नाही, जबडा धरायला मोकळा माणूस नाही.

पाच वाजून चार मिनिटांनी सागरने १०८ लावला. निर्णय फिरला तो एका साध्या गोष्टीने: त्याने निखिलच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजले. मिनिटाला सात. स्वस्थ प्रौढाचे बारा ते वीस असतात. आकडा हातात आला आणि वाद संपला.

## रुग्णवाहिका येईपर्यंत

फोनवरच्या माणसाने कुशीवर वळवायला सांगितलं. कृती अशी: आपल्या बाजूचा त्याचा हात काटकोनात बाहेर काढायचा. पलीकडच्या हाताचा पंजा त्याच्याच गालाखाली आणायचा. पलीकडचा गुडघा वर दुमडायचा आणि तो गुडघा आपल्याकडे ओढून माणूस कुशीवर घ्यायचा. मग हनुवटी वर करून मान मागे झुकवायची, तोंड जमिनीकडे, म्हणजे उलटी बाहेर ओघळते. वरचा गुडघा काटकोनात ठेवला की तो पालथा पडत नाही. तोंडात दिसणारी घाण पुसून काढायची. न दिसणारी शोधायला बोटं आत घालायची नाहीत.

कुशीवर येताच खळखळ कमी झाली. श्वास नऊ झाले.

श्वास थांबला किंवा माशासारखी आचके देणारी धाप राहिली, तर कुशीचा उपयोग नाही. पाठीवर घेऊन छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल. जमत असेल तर तीस दाबांनंतर दोन श्वास, कारण इथे मूळ दुखणं श्वासाचं आहे. इथे ती वेळ आली नाही.

पाच चोवीसला रुग्णवाहिका आली. बोटावरच्या यंत्रात प्राणवायूचं प्रमाण ७८ टक्के. आतल्या डॉक्टरने जबडा पुढे ओढला, तोंडातला स्राव खेचून काढला, मास्क लावून पिशवीने श्वास दिले. तीन मिनिटांत ९४. बोटाला टोचून साखर पाहिली, ११२. साखर पाहणं हा आळसाने गाळायचा टप्पा नव्हे. उपाशीपोटी दारू प्यायलेल्याची साखर खाली जाऊ शकते, आणि ती दुरुस्त व्हायला दोन मिनिटं पुरतात. सागरने निघताना गोळ्यांचं पाकीट खिशात टाकलं. पुडीबद्दल मात्र कोणी काही बोललं नाही.

## दवाखान्यातले पर्याय

पाच बावन्नला तातडीच्या विभागात. शुद्धीचा ग्लासगो गुण १५ पैकी ६. नाडी ११८, रक्तदाब १०४/६२, ताप ३८.४ सेल्सिअस. डोळ्यांच्या बाहुल्या मध्यम, प्रकाशाला मंद.

सागर म्हणाला, ‘थोडी दारू प्यायला होता, आणि झोपेची गोळी घेतली.’ त्याच्या हातातल्या फोनवर स्पीकर चालू होता आणि पलीकडे नाशिकहून निखिलची मोठी बहीण ऐकत होती. नर्सच्या लक्षात आलं. तिने ‘ताईंना पाच मिनिटांनी फोन करा’ म्हणून फोन बंद करायला लावला, त्याला पडद्याआड नेलं आणि विचारलं, ‘दारू-गोळीने नाडी ११८ आणि ताप एवढा सहसा नसतो. अजून काय होतं? हे उपचारासाठी हवंय.’ तेव्हा ‘एमडी’ हा शब्द आला, वेळांसकट.

या एका शब्दाने पुढचे निर्णय बदलले.

पोट धुवायचं का? नाही. गोळ्या पोटात जाऊन दोन तास उलटले होते, आणि श्वासनलिका सुरक्षित नसताना नळीने पाणी घालणं म्हणजे ते फुप्फुसात जाण्याची जोखीम. नातेवाईक हमखास ‘पोट धुतलं का?’ विचारतात. काही ठिकाणी त्यांच्या समाधानासाठी ते केलंही जातं, आणि अशा रुग्णाचं त्यात नुकसानच होतं.

नालॉक्सोन, म्हणजे अफूवर्गीय द्रव्यांचा उतारा, द्यायचं का? बाहुल्या टाचणीएवढ्या नव्हत्या, म्हणजे अफूवर्गीय द्रव्याचं चिन्ह नव्हतं. पण उत्तेजक बाहुल्या मोठ्या करतं आणि अफूवर्गीय द्रव्य लहान करतं. दोन्ही असतील तर मध्यम बाहुलीतून काहीच ठरत नाही. पुडीत काय मिसळलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. म्हणून पिशवीने श्वास चालू ठेवून छोट्या मात्रांनी सुरुवात करत एकूण २ मिलिग्रॅमपर्यंत देऊन पाहिलं. फरक पडला नाही.

फ्लुमाझेनिल? मोह इथे होता. अल्प्राझोलमचा हा उतारा. शिरेतून दिला की माणूस एक-दोन मिनिटांत डोळे उघडू शकतो. तो दिला नाही, तीन कारणांनी. पहिलं, रक्तात उत्तेजक आहे, आणि झटके येण्यापासून त्याला या क्षणी अल्प्राझोलमच वाचवतंय; ते एकदम काढून घेतलं तर आकडी येऊ शकते. दुसरं, रोज गोळी घेणाऱ्याला हा उतारा दिला तर तीव्र माघार-लक्षणं (सवयीचं औषध अचानक तुटल्यावरचा त्रास) आणि न थांबणारे झटके येऊ शकतात, आणि ‘कधीतरी’ या शब्दावर विसंबता येत नव्हतं. तिसरं, त्याचा परिणाम तासाभरात ओसरतो, अल्प्राझोलम मात्र तसंच राहतं. माणूस पुन्हा बुडतो, कदाचित तोवर त्याला वॉर्डात हलवलेलं असतं.

कुशीवर ठेवून प्राणवायू लावून लक्ष ठेवणं हा सौम्य पर्यायही विचारात होता. नुसती दारू असती तर तो चालला असता. पण उलटी आधीच छातीत गेल्याची शंका होती आणि गोळीचा जोर अजून कित्येक तास राहणार होता. सव्वासहाला श्वासनलिकेत नळी टाकून व्हेंटिलेटर लावला.

नाडीला हात लावला नाही. ११८ ची नाडी पाहून बीटा-ब्लॉकर हे नाडी मंदावणारं औषध द्यायला हात शिवशिवतो, पण ती नाडी प्राणवायूची कमतरता, ताप आणि उत्तेजक यांचा परिणाम होती. ईसीजीत हृदयातल्या विजेच्या लहरींची दोन मापं पाहिली: क्यूआरएस ९२ मिलिसेकंद, ठीक; क्यूटीसी ४७०, किंचित लांब, पण लक्ष ठेवण्यापुरतं. सोडियम १३४. मेफेड्रोनसारख्या सेरोटोनिन वाढवणाऱ्या द्रव्यांबरोबर ढसाढसा पाणी प्यायलेल्यांचं सोडियम धोकादायक उतरू शकतं, म्हणून तेही पाहिलं. रक्तातलं अल्कोहोल १०० मिलिलिटरला १८८ मिलिग्रॅम. वाहन चालवण्याची कायदेशीर मर्यादा ३० आहे. लघवीच्या पट्टीवर अँफेटामिन निगेटिव्ह आलं. ही पट्टी मेफेड्रोन भरवशाने पकडत नाही. सागरने सांगितलं नसतं तर कागदावर एमडी नव्हतंच.

इथे एक प्रश्न वाजवी आहे. उत्तेजकाने बेफाम झालेल्या रुग्णाला दवाखान्यातही याच गटातली शामकं देतात. मग घरी घेतली तर काय बिघडलं? दवाखान्यात ती शिरेतून, थोडी थोडी, काही मिनिटं थांबून, परिणाम पाहत देतात. बोटाला यंत्र असतं, शेजारी प्राणवायू असतो आणि श्वास थांबला तर नळी टाकणारा माणूस असतो. घरी गोळीचा जोर यायला तास लागतो, तोवर धीर सुटून दुसरी खेप जाते, आणि पोटात आठ पेग असतात.

## निष्पत्ती

एकतीस तासांनी, सोमवारी दुपारी नळी काढली. तोवर उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनियाचा ठिपका उमटला होता. दुसऱ्या दिवशी ताप वाढल्यावर अँटिबायोटिक सुरू केलं. स्नायूंच्या नासाचं मोजमाप असलेलं सीके ४,८०० पर्यंत गेलं, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.६. सलाईन वाढवून लघवीचं प्रमाण राखलं, चौथ्या दिवशी क्रिएटिनिन १.० वर आलं.

मंगळवारी वेगळाच पेच. हात थरथरायला लागले, घाम, झोप नाही, नाडी ११६. दारू सुटल्याची लक्षणं म्हणून आधी नोंद झाली. पण फक्त शनिवारी पिणाऱ्याला ती इतकी येऊ नयेत. बहिणीने त्याच्या ऑफिसच्या बॅगेत दुसरं पाकीट पाहिलं आणि राउंडला आलेल्या डॉक्टरांच्या हातात दिलं. मग निखिलने सांगितलं: रात्रपाळीनंतर दिवसा झोप लागत नाही म्हणून चार महिने रोज १ मिलिग्रॅम. रविवारी पहाटे फ्लुमाझेनिल दिलं असतं तर काय झालं असतं, ते यावर लक्षात यावं.

गोळी एकदम बंद करणं धोक्याचं असतं, म्हणून त्याला त्याच गटातल्या जास्त वेळ टिकणाऱ्या औषधावर घेऊन दहा आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं. सहाव्या दिवशी घरी. स्मरणात मोठी उणीव राहिली नाही. रात्री एकनंतरचं मात्र काहीच आठवत नाही.

रुग्णालयाने नियमाप्रमाणे एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, केली, पोलिसांनी जबाब घेतले. हे प्रकरण जबाबांपुढे गेलं नाही. दुसरं एखादं जाऊ शकतं. इथे खोटा दिलासा देण्यात अर्थ नाही. रस्ते-अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या १३४ अ कलमाचं संरक्षण आहे, नशेच्या विषबाधेत फोन करणाऱ्यासाठी तसं कलम नाही. पण सेवनासाठीची एनडीपीएसच्या २७ व्या कलमाची शिक्षा द्रव्यानुसार सहा महिन्यांपर्यंत किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही अशी आहे, आणि व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर ६४ अ कलमाखाली त्याला खटल्यापासून सूट मिळू शकते. खोलीत माणूस मेला तर मित्रांना विचारले जाणारे प्रश्न याहून फार वेगळे असतात.

## काय वेगळं करता आलं असतं

सव्वाअकराला. ‘उतरली’ असं वाटणं हीच धोक्याची खूण होती. उत्तेजक घेतल्यानंतर प्यायलेला प्रत्येक पेग हा न जाणवणारा पेग. किती झाले ते जाणिवेवरून ठरत नाही, बाटलीवरूनच ठरतं.

तीन दहाला. झोप न येणं हे त्या क्षणी त्रासदायक होतं, धोकादायक नव्हतं. अंधार, पंखा, घोट घोट पाणी, आणि तीन-चार तास तळमळ. बस. छातीत दुखणं, अंग भाजणं, भ्रम किंवा आकडी असती तर तोही दवाखान्याचा विषय होता, गोळीचा नव्हे.

चार दहाला. सागरला नेमकं खटकलं होतं आणि त्याने ते गिळलं. नेहमी न घोरणारा माणूस नशेत घोरतो तेव्हा जीभ मागे पडून श्वासमार्ग अर्धा बंद झालेला असू शकतो. तपासायला अर्धं मिनिट लागतं: नावाने मोठ्याने हाक, खांद्याला जोरात चिमटा. डोळे उघडून धड उत्तर दिलं तर कुशीवर झोपवून कोणीतरी जागं राहायचं आणि दर पंधरा मिनिटांनी पुन्हा हेच करायचं. उत्तर नाही, श्वास मिनिटाला दहाच्या खाली, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचा खंड, यातलं एक जरी असलं तरी १०८. ओठ जांभळे होण्याची वाट पाहायची नाही. सावळ्या कातडीवर तो रंग उशिरा दिसतो. हिरड्या आणि नखं पाहावीत.

चार पन्नासला. फोन आधी, टेबल नंतर. किंवा टेबल राहू दे. पाकिटं, पुडी, बाटली, सगळं डॉक्टरांकडे जायला हवं होतं, आणि कधी काय घेतलं त्या वेळा कागदावर. इथे अल्प्राझोलमचं पाकीट हाती असल्यामुळे किती गोळ्या गेल्या ते खळगे मोजून कळलं.

दवाखान्यात नर्सने फोन बंद करायला लावला ते तिच्या अनुभवावर. नेहमीच तशी नर्स ड्यूटीवर नसते. सोबत आलेल्याला घरच्यांपासून बाजूला घेऊन ‘अजून काय?’ विचारणं हा तपासणीचाच टप्पा करायला हवा. आणि ‘गोळी घेतो का?’ या प्रश्नाला अर्थ नाही. ‘गेल्या महिन्यात किती दिवस घेतली नाही?’ असं विचारलं तर उत्तर खरं येतं. सोमवारीच हे विचारलं असतं तर मंगळवारची थरथर टळली असती.

शेवटचा निर्णय डिस्चार्ज कार्डाचा. बहिणीने हात जोडून विनंती केली की निदान ‘न्यूमोनिया’ एवढंच लिहा, लग्नाचं बघतोय. मधला मार्ग निघाला: रजेच्या दाखल्यावर फक्त ‘छातीचा संसर्ग, रुग्णालयात दाखल’, आणि डिस्चार्ज कार्डावर मेफेड्रोन, अल्कोहोल, अल्प्राझोलम ही तिन्ही नावं, रोजची मात्रा, फ्लुमाझेनिल टाळण्याची सूचना आणि गोळी कमी करण्याचं आठवडावार वेळापत्रक. ऑफिसला दाखला गेला. कार्डाची एक प्रत मानसोपचारतज्ज्ञाकडे आणि एक सागरकडे, कारण पुढच्या वेळी रुग्णवाहिकेत बसणारा तोच असण्याची शक्यता जास्त. कार्डाच्या पाठीवर व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा १४४४६ हा क्रमांकही लिहून दिला. पहिल्या महिन्यात त्यावर फोन केला तो तेजसने, स्वतःसाठी.